पाणथळ खाचरात कोणतं भात लावायचं?

इगतपुरी-त्र्यंबककडे भात लावणाऱ्यांनी बियाण्याची पिशवी घ्यायच्या आधी आपलं खाचर नीट बघा, पाणी चढून काही दिवसांत उतरतं की गुडघाभर साचूनच राहतं, कारण सगळं तिथेच ठरतं. रोप पूर्ण बुडून पाणी उतरत असेल तर स्वर्णा सब-१ बघा, २००९ ला आलेली जात, ओडिशाच्या एफआर१३ए भाताचा जीन आहे तिच्यात, त्यामुळे बुडाल्यावर रोप उंच व्हायला धडपडत नाही, गप्प बसून ताकद वाचवतं आणि साधारण दोन आठवडे तग धरतं. पण पाणी महिनाभर साचत असेल तर तिचा उपयोग नाही, तिथे उंच आणि न लोळणारं, म्हणजे आडवं न पडणारं भातच पाहिजे.

आणि नुसता उतारा, म्हणजे एकरी पीक किती निघतं, तेवढंच बघून ठरवू नका हो! इंद्रायणी जातीचा वास, मऊ भात घरच्यांना आवडतो, गिऱ्हाईकही तेच मागतं, म्हणून वरच्या खाचरात इंद्रायणी अन् खोलगटात सब-१ असं करा. जनावरं असतील तर पेंढा किती निघतो तेही विचारा.

पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी टाका, तरंगेल ते पोचट काढा, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत वाळवा.