पन्हाळेकाजीची लेणी आणि उन्हवऱ्याचं गरम पाणी: एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

उन्हवरे, उन्हाळे, उन्हेरे. कोकणात ही तीन वेगवेगळी गावं आहेत. तिन्ही ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं आणि तिन्ही नावांत एकच शब्द लपलाय, ऊन. आपल्याकडे ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. उन्हवरे दापोली तालुक्यात, उन्हाळे राजापूरजवळ, उन्हेरे रायगड जिल्ह्यात पालीजवळ. फोनवर घाईत नाव टाइप केलं आणि नकाशाने पहिलं सुचवलेलं गाव दाबलं, की सहलीची पहिली चूक घरातच होते. पन्हाळेकाजीचंही तेच. तेही दापोली तालुक्यातच आहे. नुसतं ‘पन्हाळे’ टाकलं तर नकाशा तुम्हाला थेट कोल्हापूरच्या पन्हाळ्याकडे वळवू शकतो. म्हणून गाडी ठरवताना गावाबरोबर तालुका सांगायचा, आणि दापोली-खेड रस्त्यावरून वाकवलीला आत वळायचं हेही सांगून ठेवायचं.

मी दापोलीची. घरी येणारे पाहुणे समुद्र बघून झाले की ‘आता काय?’ विचारतात, तेव्हा मी हाच दिवस सुचवते: सकाळी लेणी, संध्याकाळी गरम पाणी, सोबत वाट दाखवणारा माणूस आणि आपली स्वतंत्र गाडी. पाहुण्यांचे बिघडलेले दिवस मी पाहिलेत, त्यातल्या एकात मी स्वतःही होते. बहुतेक चुका त्याच त्याच असतात.

ड्रायव्हरलाच गाइड समजणं

चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या माझ्या मावसबहिणीने एका एजंटाकडून ‘गाइडसह खासगी सहल’ घेतली. मीही बरोबर गेले. आलेला मुलगा गाडी फार छान चालवत होता, वळणावर हॉर्न, कुठे घाई नाही. पण सहावं लेणं झाल्यावर तो दगडावर बसला आणि म्हणाला, “ताई, पुढे सगळी सारखीच आहेत.”

पुढे एकोणिसावं लेणं होतं.

पन्हाळेकाजीला एकूण २९ लेणी आहेत आणि ती सारखी तर मुळीच नाहीत. सुरुवातीची लेणी बौद्ध भिक्षूंची, साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकापासूनची: लहान खोल्या, बसायला ओटे, नक्षी जवळपास नाही. मग काही शतकांनी वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाचे लोक इथे आले. अक्षोभ्य आणि महाचंडरोषण या त्यांच्या देवतांच्या मूर्ती त्या काळातल्या. त्यानंतर शिलाहार या कोकणातल्या राजघराण्याच्या राज्यात शिव आणि गणपती आले, आणि शेवटी नाथपंथी. एकाच कातळात हजार वर्षांची वस्ती आहे, आणि आधीच्यांची खोली पुढच्यांनी कशी बदलून वापरली ते भिंतीवर दिसतं. एकोणिसाव्या लेण्यात मान वर करून छत बघायचं. तिथे रामायण, महाभारत आणि कृष्णकथेतले प्रसंग लहान लहान चौकटींत कोरलेत. सांगणारा माणूस नसेल तर तुम्ही त्या छताखालून सरळ निघून जाता. आम्ही जवळजवळ तसंच केलं असतं. मी आधी पाहिलेलं होतं म्हणून बहिणीला पुढे ओढत नेलं.

तेव्हा पैसे देण्याआधी फोनवर दोनच प्रश्न विचारा. “एकोणिसाव्या लेण्यात काय आहे?” आणि “गौर लेणं दाखवणार का?” गौर लेणं म्हणजे एकोणतिसावं. बाकीच्यांपासून ते वेगळं पडलंय आणि नाथपंथी प्रतिमांसाठी बघण्यासारखं आहे. दोन्ही उत्तरं अडखळत आली तर समजा की तुम्ही फक्त गाडी भाड्याने घेताय. त्यात वाईट काही नाही, फक्त गाइडचे पैसे देऊ नका. त्यापेक्षा गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे रीतसर पैसे द्या.

गाडीबद्दल एक गोष्ट: नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवायला परवानगी नसते, आणि वाटेत अपघात झालाच तर विम्याचं प्रकरण अडतं. भाव ठरवताना डिझेल, ड्रायव्हरचं जेवण, थांबण्याचा वेळ हे सगळं धरून आकडा घ्या आणि तो मेसेजवर लिहून मागा.

उलटा क्रम

बहुतेक लोक सकाळी ताजेतवाने असताना आधी गरम पाण्यात उतरतात. मग अंग सैल पडतं, झोप येते, आणि भर दुपारी लेण्यांच्या पायऱ्या चढायची वेळ येते. कातळ तापलेला, पाण्याची बाटली संपलेली. पाचव्या लेण्यात मुलं कुरकुरायला लागतात आणि मोठी माणसं ‘राहू दे, पुढच्या वेळी बघू’ म्हणतात.

लेणी सकाळी, नऊच्या आत. तीन तास काढा. मग जेवण, थोडा आराम, आणि चारनंतर उन्हवरे. दिवसभर चाललेले पाय संध्याकाळी त्या पाण्याला टेकतात तेव्हा त्याचं खरं मोल कळतं. एकच अट, अंधाराआधी घाटरस्त्याला लागायचं. म्हणजे थंडीच्या दिवसांत साडेपाचला गाडीत.

याच दिवसाला मुरुडचा किनारा, हर्णै बंदर, केशवराज असं काही जोडू नका. नकाशावर तीस किलोमीटर दिसतं ते इथे तासाभराचं असतं, कधी जास्तच. मुंबईहून एका दिवसात जाऊन-येऊन हे करायचा विचारही सोडा. रेल्वेने खेडला उतरा, एक रात्र राहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

पावसात जाण्याचा हट्ट

हिरवळ सुंदर असते हे खरं. पण लेणी नदीच्या अगदी कडेला आहेत. कोटजाई फुगली की खालची वाट घसरडी होते, शेवाळावर चप्पल टिकत नाही, गौर लेण्याचा तर विचारच नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चांगले महिने. रविवार टाळता आला तर टाळा, कारण रविवारी उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर गर्दी असते.

लेण्यात मदत म्हणून केलेलं नुकसान

वाईट हेतूने कोरीवकामाला हात लावणारे थोडे असतात. जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. झिजलेली रेघ नीट दिसावी म्हणून कुणी खडू फिरवतं, कुणी पाणी मारतं, कुणी श्रद्धेने तेल आणि कुंकू लावतं. तेलावर धूळ बसते, काजळी बसते, आणि पुढच्या दहा वर्षांत चेहरा हरवतो. त्याऐवजी साधी विजेरी न्या आणि ती समोरून न मारता बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात सावली पडते आणि पुसट झालेला हातसुद्धा उठून दिसतो. मी बहिणीला छतावरची एक चौकट अशी दाखवली तेव्हा ती पाच मिनिटं बोलली नाही.

ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. नाव कोरलं, काही फोडलं तर प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. वटवाघळांवर फ्लॅश नको. आणि कपारीला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा हे सगळं बंद करून शांतपणे मागे फिरायचं.

निघण्याआधी गावाच्या नावाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. इथे शिलाहारांचा इ. स. ११३९ चा एक ताम्रपट सापडला. त्यात राजा अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याचा उल्लेख आहे, आणि या जागेचं जुनं नाव आहे, प्रणालक. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि प्रणालक म्हणजेच आजचं पन्हाळे हे मांडलं. प्रणाल म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी. आपल्या घराच्या पागोळ्या जिच्यात पडतात ती पन्हळ याच शब्दातून आली. नऊशे वर्षांपूर्वीचा शब्द आजही आपल्या वळचणीला लटकलाय, हे कळलं की मुलं परतताना प्रत्येक घराचं छप्पर बघत येतात.

गरम पाणी म्हणजे गिझरचं पाणी समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

हे पाणी गरम का असतं? आसपास ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल मुरतं. जमिनीत खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून भरभर वर येतं, वाटेत निवायला त्याला वेळच मिळत नाही. उन्हवऱ्याला उगमापाशी ते सत्तर अंशांच्या आसपास असतं. सत्तर अंशांचं पाणी कातडीला सेकंदभरात भाजतं. संगमेश्वर तालुक्यातल्या आरवलीचं पाणी याच्यापेक्षा बरंच सौम्य आहे. त्यामुळे ‘आम्ही आरवलीला उतरलो होतो, काही झालं नाही’ हा अनुभव इथे कामाचा नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजात होते. वाफ बघून खुशीत पाय पुढे टाकणार, तेवढ्यात कपडे धुवायला आलेल्या एका आजींनी हाताला धरलं. “आधी कोपर लाव गो, पाय मागाहून.” बाळाच्या आंघोळीचं पाणी घरात जसं कोपराने बघतात, तसंच. तळपायाची कातडी जाड, तिला उशिरा कळतं. कोपराला लगेच कळतं. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याला हेच सांगते. उगमाजवळ जायचंच नाही, पाणी निवून जिथे साठतं त्या आंघोळीच्या जागेतच उतरायचं, आणि तिथेही आधी कोपर.

दुसरी गोष्ट माझ्या आत्याची. वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी रोजची. भरपेट जेवून ती पाण्यात बसली, बरं वाटलं म्हणून पंचवीस मिनिटं बसली, आणि एकदम उभी राहिली. डोळ्यापुढे अंधार. आम्ही दोघींनी धरलं म्हणून डोकं दगडावर आपटलं नाही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो. उठताना तो आणखी उतरतो, त्यात गोळीचा परिणाम. म्हणून दहा मिनिटांवर बसू नका, जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा. हृदयविकार असेल, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी पाय घालण्याचा धोका घेऊच नये, कारण भाजलेलं त्यांना कळतच नाही.

डोकं पाण्याखाली घालू नका, मुलांना बुडी मारू देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूत जातो. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर वाचणं कठीण. नाक कोरडं ठेवणं एवढाच उपाय, आणि तो सोपा आहे. अंगावर उघडी जखम असेल तर काठावर बसा. त्वचारोग बरा होईल या आशेने दुरून लोक येतात. त्यांची श्रद्धा मला समजते, पण चालू असलेलं औषध बंद करून येऊ नका. साबण आणि शांपू कुंडात नको, ते पाणी पुढे गावाकडेच जातं.

तरीही बिघडलंच तर

भाजलं तर त्या भागावर साधं थंड पाणी वीस मिनिटं सोडत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड आले तर थेट दापोली गाठा.

चक्कर आली तर पाण्यातून बाहेर काढून सावलीत आडवं करा, पाय थोडे वर. पूर्ण सावध झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. बेशुद्धी लांबली किंवा छातीत दुखलं तर वाट बघत बसू नका.

कुंड सफाईसाठी रिकामं मिळालं तर भांडू नका. सफाई झाली की पुन्हा भरायला वेळ लागतो. आदल्या दिवशी गावात एक फोन केला असता तर कळलं असतं. जेवणाचंही तसंच. लेण्यांजवळ हॉटेल शोधत फिरणारे उपाशी राहतात. गावात कुणाच्या घरी सांगून ठेवलं तर कुळथाची पिठी, भात, तळलेला मासा, सोलकढी असं पोटभर मिळतं, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर त्याहून आधी. पैसे रोख ठेवा. रेंज जाते, आणि रेंज गेली की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात. त्याच कारणासाठी वाकवली सोडण्याआधी नकाशा उतरवून घ्या.

आणि चांदी काढून ठेवा. बहिणीच्या पायात लग्नातले पैंजण होते. पाण्यातून पाय वर काढला तेव्हा पैंजण काळे, तव्याच्या बुडासारखे. ती रडायलाच आली. पाण्याला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधकाचा, आणि त्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. चांदी खराब होत नाही. घरी येऊन मी पातेल्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायचा फॉइल पसरला, वर पैंजण ठेवले, एक मोठा चमचा खायचा सोडा घातला आणि उकळतं पाणी ओतलं. पैंजण फॉइलला टेकलेले हवेत, नाहीतर काम होत नाही. पाणी फसफसलं, अंड्याचा तोच वास घरात आला, आणि चार-पाच मिनिटांत एकेक घुंगरू पुन्हा पांढरं दिसायला लागलं. मोती किंवा खडे बसवलेल्या दागिन्यांना मात्र हे करू नका, ते सोनाराकडेच द्या.