सहलीआधी मुलांसाठी पुस्तके निवडताना या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की आमच्या बालवाचनालयाच्या टेबलापाशी एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते: "मॅडम, आम्ही अजिंठा-वेरूळला चाललोय, मुलासाठी तिथली सगळी माहिती असलेलं एखादं पुस्तक द्या." मूल शेजारीच उभे असते, त्याला कोणी काही विचारलेले नसते आणि पुस्तक मात्र लगेच हवे असते, कारण गाडी पहाटे निघायची असते. चौकस मुलासाठी पुस्तक निवडणे हे बॅगेत स्वेटर कोंबण्याइतक्या घाईत उरकण्याचे काम नाही, असे दरवेळी सांगूनही पुढच्या सुट्टीत तेच पालक तितक्याच घाईने येतात. म्हणून नेहमी दिसणाऱ्या चुका एकदा लिहून काढत आहे.

ठिकाणाचे नाव पाहून पुस्तक घेणे

अजिंठ्याला निघालेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती लेण्यांवरचे माहितीपुस्तक दिले की त्यात इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक, वाकाटक राजा हरिषेण, चैत्य आणि विहार, १८१९ मध्ये तेथे पोहोचलेला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी असे सगळे क्रमवार मिळते. ही माहिती खरी असते, पण मुलाने ती मागितलेली नसते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला हळूहळू सरावतात आणि पद्मपाणीचा चेहरा दिसू लागतो, तेव्हा मूल विचारते की इतक्या अंधारात हे रंगवले कसे, रंग आणले कुठून आणि दगडावर ते इतकी वर्षे टिकले कसे. यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे लेण्यांवरच्या पुस्तकात नसतात. ती रंग कसे तयार होतात हे सांगणाऱ्या एखाद्या चोपड्यात असतात. खडकावर आधी माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्र काढले. तांबडी-पिवळी माती आणि काजळी हे रंग जवळचेच होते, पण निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्द दगड पार अफगाणिस्तानाकडून यायचा. हे आधी ठाऊक असलेले मूल, जिथे रंगाचा पापुद्रा उडाला आहे नेमके तिथेच रेंगाळते आणि भिंतीत तूस दिसते का ते शोधत बसते.

वेरूळचेही तसेच आहे. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, एवढे वाक्य पाठ करून गेलेल्या मुलाला तेथे दहा मिनिटांत कंटाळा येतो. ते बांधलेले नसून वरून खाली कोरत आणले आहे, आणि ज्या काळ्या खडकात ते कोरले तो खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून थंड झालेला लाव्हा आहे, हे कळलेले मूल मात्र आधी शिखराकडे आणि मग पायाकडे बघते. त्यामुळे दगड आणि ज्वालामुखी यांवरचे एक साधे पुस्तक वेरूळला उपयोगी पडते, रायगडावर पडते आणि घाटात रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीपाशीही पडते.

यावर माझा उपाय असा की मी पालकांना पहिल्या भेटीत पुस्तक देतच नाही. घरी जाऊन फ्रिजवर एक कागद लावा, आठवडाभर सहलीबद्दल मूल जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि तो कागद घेऊन या, असे सांगते. काही जणांना याचा राग येतो आणि ते तडक दुकानात जाऊन संच विकत घेतात. जे कागद आणतात त्यांना पुस्तक निवडून द्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

संचांविषयी एवढेच सांगते की सोसायटीच्या आवारात भरलेल्या प्रदर्शनातून घेतलेला चकचकीत ज्ञानकोश सहलीत डिकीतच राहतो. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल यांची खडान्‌खडा माहिती असलेली मुले भीमाशंकरला डोक्यावरून उडी मारून गेलेल्या शेकरूला "मोठी खार" म्हणून मोकळी होतात, आणि शेकरू हा आपला राज्यप्राणी असल्याचे त्यांच्या पालकांनाही तेथेच कळते. किल्ल्यांच्या पुस्तकांचा घोळ याच जातीचा आहे. युरोपातल्या किल्ल्यांचे देखणे चित्रपुस्तक वाचून आलेला मुलगा राजगडावर पाण्याचा खंदक आणि उचलता येणारा पूल शोधत राहतो, आणि ज्याच्यासाठी थांबायला हवे तो संजीवनी माचीचा चिलखती बुरूज त्याच्या नजरेतून सुटतो.

आवृत्तीचे साल न पाहणे

माझा सर्वांत जास्त जीव खाणारी चूक हीच आहे. एका हिवाळ्यात आमच्या वाचनालयातील काही कुटुंबांबरोबर मी लोणारला गेले होते. सरोवराच्या काठावर, जिथून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते अख्खे विवर एका नजरेत दिसते, तिथेच एका मुलीने पुस्तक उघडून मोठ्याने वाचले की हे विवर ५० हजार वर्षांपूर्वी उल्का आदळून तयार झाले. दुसऱ्या कुटुंबातल्या मुलाने आपले पुस्तक पुढे केले, त्यात साडेपाच लाखांच्याही पुढचा आकडा होता. मग दोघांचे वडील मध्ये पडले. एकाचे म्हणणे, "छापलंय ते काय उगाच छापलंय का?" त्यावर दुसऱ्याचे उत्तर, "मग आमचंही छापलेलंच आहे की!" दोघांनी मोबाइल काढले, दोघांनाही आपापला आकडा सापडला आणि अखेर "असेल, पण जुनं आहे ना, झालं तर मग" यावर तडजोड झाली. तोवर मुलीने माझी ओढणी ओढली आणि विचारले, "मावशी, पण खड्ड्याचं वय मोजतात कसं?"

त्या दिवसाचा खरा प्रश्न हा होता आणि दोन्ही पुस्तकांत त्याला उत्तर नव्हते. सुमारे ५२ हजार हा आकडा आघातात वितळलेल्या पदार्थाला तापवल्यावर त्यातून बाहेर पडणारा मंद प्रकाश मोजून काढलेला होता. पुढे तशाच वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून पुन्हा मोजणी झाली आणि २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. म्हणजे मुलीचे पुस्तक खोटे बोलत नव्हते, ते जुने होते. जून २०२० मध्ये याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले, त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. हेही तिच्या पुस्तकात असणे शक्य नव्हते.

म्हणून मुखपृष्ठ पाहण्याआधी आवृत्तीची माहिती असलेले पान उघडावे. येथे एक फसगत होते. "पुनर्मुद्रण २०२३" असे छापलेले असले म्हणजे आतला मजकूर २०२३ चा झाला असे नाही. "सुधारित आवृत्ती" हे शब्द आहेत का ते पाहावे, आणि असले तरी त्यांवर फार विसंबू नये. मी तीन जागा तपासते. ग्रहमालेच्या पानावर प्लूटो नववा ग्रह म्हणून उभा असेल तर पुस्तक २००६ च्या आधीचे आहे. भारताच्या नकाशात तेलंगण नसेल तर ते २०१४ पूर्वीचे, आणि लडाख वेगळा दाखवलेला नसेल तर २०१९ पूर्वीचे. किल्ल्यांच्या पुस्तकाला आता चौथी कसोटीही लागू झाली आहे, कारण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूतला आहे.

जुने पुस्तक रद्दीत घालू नये. पेन्सिलीने समासात नवा आकडा आणि साल मुलाच्याच हाताने लिहून घ्यावे. वाचनालयाच्या पुस्तकातही मी हे करू देते, त्यावर कोणी तक्रार केली तरी चालेल.

पुस्तक कोणते हे ठरते, ते कधी उघडायचे हे ठरत नाही

कोकणात जाणाऱ्यांना शंख-शिंपल्यांचे पुस्तक दिले की परत आल्यावर हमखास ऐकू येते, "तिथे काहीच दिसलं नाही हो." दिसणार कसे? पुस्तकातले सगळे प्राणी ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर राहतात आणि ही मंडळी न्याहारी, आंघोळी उरकून ऐन भरतीला किनाऱ्यावर पोहोचतात. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. चालू पंधरवड्याची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, तर त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास, पाणी सर्वांत मागे गेलेले असते. अष्टमीला सहा आणि बारा. जागेनुसार थोडा फरक पडतो, म्हणून मुक्कामाच्या घरी विचारून खात्री करावी, आणि पुस्तक घेऊन मुलाबरोबर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर जावे. पाणी फिरले की परतायचे, हे जाण्याआधीच ठरलेले असावे. जिवंत प्राणी आत असलेला शंख जिथला तिथे ठेवावा.

घाटात पुस्तक उघडू देऊ नये. डोळे स्थिर पानावर आणि कान वळणांची हालचाल टिपत असले की मळमळ सुरू होते; ओकारी झाल्यावर पुस्तकालाच दोष मिळतो आणि मूल ते पुन्हा हातात धरत नाही. गाडीत वाचायचेच असेल तर ते मोठ्यांनी, सरळ रस्त्यावर, मुलाला खिडकीबाहेर बघू देत मोठ्याने वाचून दाखवावे.

मुखपृष्ठावरच्या वयोगटाच्या आकड्याला मी किंमत देत नाही. मधले कोणतेही पान मुलाला वाचू द्यावे आणि त्यात काय होते ते त्याला सांगता येते का, एवढे पाहावे.

मूल इंग्रजी माध्यमात शिकते म्हणून सहलीचे पुस्तकही इंग्रजीच घेणे ही सोय पालकांची असते. गडावरचा मामा तट, टाके, चोरदिंडी असेच शब्द वापरणार आहे. ते शब्द आधी आजी-आजोबांकडून मराठी पुस्तकातून वाचून घेतलेले असले तर मूल त्याच्याशी थेट बोलू शकते.

सहलीवरून आल्यावर निबंध लिहायला लावू नये. प्रश्नमंजूषा तर मुळीच नको.

"पुस्तक वाचलंच नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी विचारते की सहलीनंतर ते ठेवले कुठे होते. बहुतेक वेळा उत्तर येते, कपाटात. मुलांचे प्रश्न घरी परतल्यावर चार-आठ दिवसांनी फुटतात, तेव्हा पुस्तक जेवायच्या टेबलावर किंवा पलंगाशेजारी असले पाहिजे. विकत घ्यायचेच नसेल तर बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

आणि एवढी सगळी तयारी करून सोमवारी अजिंठ्याच्या बंद दारापुढे उभे राहणारी कुटुंबे दर वर्षी असतातच. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे शनिवारी निघणाऱ्यांनी रविवारी अजिंठा करावा आणि वेरूळ सोमवारसाठी ठेवावे.