आरेन्सपूर्व एस्टोनियन मजकूर कसा वाचावा

जुने एस्टोनियन पुस्तक हाती आले की प्रथम छपाईचे वर्ष पाहावे, कारण एस्टोनियातील कुसालू येथील ल्यूथरन पाद्री एदुआर्द आरेन्स यांच्या १८४३ सालच्या जर्मन भाषेतील व्याकरणाने तिथल्या वर्तनीची, म्हणजे शब्द लिहिण्याच्या पद्धतीची, दिशा बदलली; अर्थात नवी पद्धत रुळण्यास पुढची काही दशके जावी लागली. त्याआधीची बहुतेक पुस्तके योहान होर्नुंग या पाद्र्याने १६९३ च्या लॅटिन व्याकरणात मांडलेल्या वर्तनीस अनुसरतात, आणि ही वर्तनी जर्मन वाचकाच्या सवयीवर बेतलेली आहे.

तिचा मुख्य नियम ध्यानात ठेवला की अर्धे काम होते. स्वरान्त अवयवातील (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) आघातयुक्त स्वर ऱ्हस्व असेल, तर पुढचे व्यंजन दोनदा लिहीत. तो दीर्घ असेल, तर स्वराचे अक्षर एकदाच लिहीत. ओट्टो विल्हेल्म मासिंग या पाद्र्याने १८२१ मध्ये सुरू केलेल्या 'मारह्वा नॅद्दला-लेह्त' (ग्रामीण जनांचे साप्ताहिक) या पत्राच्या नावात दोन्ही गोष्टी आढळतात: 'नॅद्दला'मधला दुहेरी 'द' केवळ ऱ्हस्वत्वाची खूण असल्याने आज एकेरी लिहितात, तर 'मा'मधील स्वराचे अक्षर आज दोनदा लिहितात. व्यंजनाने बंद झालेल्या अवयवात मात्र दीर्घ स्वर पूर्वीही दोनदाच लिहिला जाई.

खरी अडचण पुढे येते. 'लिन्ना' असे छापलेले दिसले, तर ते 'लिना' म्हणजे जवस असू शकते किंवा 'लिन्न' म्हणजे शहर या शब्दाचे षष्ठीरूपही असू शकते, आणि संदर्भाखेरीज निर्णय करता येत नाही. आरेन्स यांनी फिनिश वर्तनीचा आधार घेऊन हाच घोटाळा मिटवला: दीर्घ स्वर सर्वत्र दोनदा, ऱ्हस्व व्यंजन एकदा. माझ्या मते त्यांचे मोठे काम वर्तनीपुरते नाही; लॅटिनच्या चौकटीत कोंबलेल्या या भाषेचे वर्णन त्यांनी तिच्या सख्ख्या नात्यातील फिनिशच्या आधारे केले.

उरलेल्या खुणा किरकोळ आहेत. 'डब्ल्यू' हे अक्षर 'व' असे वाचावे. 'ओ'वर नागमोडी रेघ असलेले अक्षर मासिंग यांनी रूढ केले, म्हणून त्याआधीच्या पुस्तकांत दोन टिंबांचा 'ओ' दिसल्यास त्या जागी हा स्वरही असू शकतो हे ताडून पाहावे. गॉथिक टाइपातील लांब 'एस' आणि 'एफ' यांत केवळ आडव्या रेघेचा फरक असतो, तेव्हा शब्द अनोळखी वाटल्यास कोश उघडण्यापूर्वी ही दोन अक्षरे तपासावीत.