आर्टरी की व्हेन? स्लाइड ओळखताना या चुका टाळा

फर्स्ट एमबीबीएसला आर्टरी-व्हेनची (धमनी-शिरेची) स्लाइड सोपी आहे म्हणून कोणी नीट बघत नाही आणि मग स्पॉटरला (स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेत) नेमके तिथेच मार्क जातात. कारण बहुतेक जण फक्त लुमेन (आतली पोकळी) बघतात, गोल दिसलं की आर्टरी, चपटं दिसलं की व्हेन, लिहून मोकळे. पण सेक्शन तिरका गेला असेल तर आर्टरीसुद्धा लांबट दिसते आणि व्हेनमध्ये रक्त भरून राहिलं असेल तर ती पण गोल दिसते. आत आरबीसी (लाल रक्तपेशी) आहेत का यावरूनही काही ठरत नाही, दोन्हीत असतात.

भिंत बघा. आतून बाहेर इंटिमा, मीडिया, अ‍ॅडव्हेन्टिशिया हे तीन थर दोघींनाही आहेत, प्रश्न एवढाच की जाड कोणता. मस्क्युलर आर्टरीत मीडिया जाड, स्मूथ मसलचे गोलाकार थर एकावर एक. मीडियम व्हेनमध्ये मीडिया बारीक आणि अ‍ॅडव्हेन्टिशिया जाड. पायातली ग्रेट सॅफेनस व्हेन मात्र इथे फसवते, तिला उभ्या माणसाच्या रक्ताचं प्रेशर पेलायचं असतं म्हणून मीडियात मसल बराच असतो.

अशा वेळी इंटर्नल इलास्टिक लॅमिना शोधा. एंडोथेलियमच्या (सगळ्यात आतल्या पेशींच्या अस्तराच्या) लगेच खाली साडीच्या निऱ्यांसारखी दुमडलेली गुलाबी चमकदार रेघ, आर्टरीत ती ठसठशीत असते, व्हेनमध्ये तुटक किंवा नसतेच. (या निऱ्या जिवंतपणी एवढ्या नसतात बरं का, आतलं प्रेशर गेलं आणि मसल आकसला की पडतात.) रेघ दिसत नाही म्हणून लगेच व्हेन लिहू नका, आधी मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (स्टेजखालचं प्रकाश गोळा करणारं भिंग) थोडा खाली घ्या, आयरिस (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) जरा बंद करा आणि परत बघा, बऱ्याचदा ती उठून येते.

एओर्टात (हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या आर्टरीत) हीच रेघ शोधत बसणं ही अजून एक चूक. तिथे मीडियातच इलास्टिनचे 40 ते 70 थर असतात, त्यात ही लॅमिना वेगळी कळतच नाही. आणि एच अँड ईच्या (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या स्टेनच्या) स्लाइडवरून जर्नलमध्ये ते थर काळे काढू नका, काळे ते व्हर्होफ स्टेनमध्ये होतात. तसंच आर्टरी लाल आणि व्हेन निळी रंगवणं बंद करा प्लीज, एच अँड ईमध्ये दोन्ही गुलाबी आणि न्यूक्लियस जांभळे, जे दिसतंय तेच काढा!

इन्फीरियर व्हेना कावाच्या (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या व्हेनच्या) अ‍ॅडव्हेन्टिशियात स्मूथ मसलचे उभे बंडल असतात, ते आडवे कापले गेले की वेगवेगळे पुंजके दिसतात आणि मुलं त्यांना नर्व्ह म्हणतात. हाय पॉवरला जा, नर्व्हला भोवती पेरिन्युरियमचं स्पष्ट आवरण असतं, या पुंजक्यांना नसतं.

अंबिलिकल कॉर्डच्या (बाळाच्या नाळेच्या) स्लाइडवर तर वरचं सगळं उलटं होतं. तिथल्या आर्टरीत इंटर्नल इलास्टिक लॅमिना धड नसते आणि व्हेनमध्ये असते, व्हेनची मीडियाही चांगली जाड. म्हणून तिथे आधी मोजा, नॉर्मल कॉर्डमध्ये आर्टरी दोन आणि व्हेन एक, भोवती फिकट व्हार्टन्स जेली (नाळेतला जेलीसारखा मऊ भाग).