मासळीच्या पिशवीतले संधिपाद: पाय मोजून कूळ कसं ओळखावं

ज्यांच्या पायांना सांधे आणि अंगाला बाहेरून कवच, ते संधिपाद. त्यांची ओळख करून घ्यायला मालवणात मासळीची पिशवी पुरते.

सुरुवात सुंगटापासून करा (घाटावरच्यांची कोळंबी). साफ करण्याआधी एक मोठंसं, डोक्यासकट, ताटलीत आडवं ठेवा. आधी मिशा पाहा: एक जोडी लांबलचक, दुसरी आखूड नि दुभंगलेली. दोन जोड्या दिसल्या की प्राणी कवचधारी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला. झुरळाला एकच जोडी असते, कोळ्याला एकही नाही. मग छातीखालचे चालायचे पाय मोजा, दहा भरतील. शेपटीखालची वल्ह्यांसारखी जोडपी पोहायची, ती यात धरायची नाहीत. माझी पहिली मोजणी वीसवर गेली होती ती याचमुळे.

आता शेपटीच्या कड्या. समुद्राच्या सुंगटात त्यांच्या बाजूच्या पाकळ्या कौलांसारख्या असतात, पहिलीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. नदीतल्या लांब हातांच्या झिंग्यात मात्र दुसरी पाकळी पुढच्या-मागच्या दोन्ही कड्यांवर चढलेली असते. आकारावरून वाद घालण्यापेक्षा हे बघावं.

कुर्लीचेही (म्हणजे खेकड्याचे) पाय दहाच, नांग्या धरून. जिवंत असेल तर मागच्या बाजूने धरा, नांगी तिथवर पोचत नाही. उलटी करा. शेपूट कुठे गेली? पोटाखाली दुमडून चिकटलीय. ती अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, अर्धगोल असेल तर मादी, कारण अंडी तिथेच सांभाळायची असतात. शेवटचे पाय चपटे असतील तर ती पोहणारी. आकाराने मोठी पण हाताला हलकी लागली तर परत ठेवा: नुकतीच कात टाकलेली असते, नव्या कवचात मांस कमी नि पाणीच जास्त. कोळीणबाई काहीही म्हणो.

घरातल्यांचं सोपं आहे. सहा पाय कीटक, आठ पाय कोळी-विंचू. गोमेला दर कडीला पायांची एक जोडी, पैसा नावाच्या किड्याला (मिलिपीड) बहुतेक कड्यांना दोन. गोम चावते, तिची मोजणी लांबूनच.

खरी गंमत ओहोटीला खडकावर. कालवं शिंपल्यांच्या जातीची, मृदुकाय. त्यांच्या शेजारी बारीक ज्वालामुखीसारखे पांढरे सुळके असतात, पाय सोलवटणारे. ते बार्नॅकल. त्यांनाही पूर्वी शिंपल्यांतच मोजत. जॉन व्हॉन थॉम्पसन या निसर्ग-अभ्यासकाने त्यांची पिल्लं वाढताना पाहिली आणि 1830 साली ते छापलं, तेव्हा कळलं की हे कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद. पुढे डार्विनने 1846 पासून 8 वर्षं त्यांच्यावरच घालवली.

पाय बघायचे तर सुळका खरवडू नका. पाण्याने भरलेल्या खळगीतला एखादा निवडा आणि उकिडवे बसा. वरचं दार उघडून पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यातलं अन्न ओढून आत जातात. तुमची सावली पडली तर दार लागेल. मग थोडं सरकून बसा.