व्हॉट्सॲप कॉल नीट होत नाही? आधी या चुका टाळा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या केज भागातून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. लेकरं आजीपाशी राहतात. मग पाच-सहा महिने माय-लेकरांची गाठ पडते ती व्हॉट्सॲपवरच. संध्याकाळी शेजारची आजी फोन घेऊन ओट्यावर येते, "बघ रं बाबा, तिचं नुसतं तोंड हलायलंय, आवाज येईना." रेंज कमी असते हे खरं, पण बराचसा त्रास साध्या चुकांचा असतो.

रेंज नसताना व्हिडिओ कॉलचाच हट्ट. ही सगळ्यात मोठी चूक. जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये व्हॉट्सॲप काढलं तेव्हा त्यात कॉल नव्हताच. व्हॉइस मेसेज २०१३ मध्ये आला, कॉल २०१५ मध्ये आणि व्हिडिओ कॉल २०१६ मध्ये. म्हणजे मुळात हे निरोप पोचवायचं साधन. समोरचा फोन बंद असला तरी निरोप सर्व्हरवर ३० दिवस थांबतो आणि नेट आलं की पोचतो. कॉलला मात्र दोन्हीकडं त्याच घडीला नेट लागतं.

म्हणून लेकराच्या हातात फोन द्या, माइकचं चिन्ह दाबून धरा, बोलू द्या, सोडा. एक टिक म्हणजे निरोप इकडून निघाला, दोन म्हणजे तिकडं पोचला. फडावरची, म्हणजे ऊसतोडीच्या रानातली माय रात्री कोपीत (झोपडीत) आल्यावर तो ऐकते. पुन्हा ऐकावासा वाटला तर पुन्हा ऐकते. मला तर हे कॉलपेक्षा मोलाचं वाटतं.

बोलायचंच असेल तर व्हिडिओ सोडून साधा व्हॉइस कॉल लावा आणि पत्र्याच्या घरातून बाहेर अंगणात या. पत्रा रेंज अडवतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त कॉलसाठी कमी डेटा वापरायचं बटण आहे, ते चालू ठेवा.

आवाज येईना म्हणून आपलाच फोन बदडणं. आजीच्या फोनला काहीच झालं नव्हतं. लेकीच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपला माइकची परवानगी बंद होती. तिला साधा फोन लावून सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, परवानग्या, मायक्रोफोन असं एकेक सांगितलं आणि दोन मिनिटांत आवाज आला. ज्याचा आवाज येत नाही, त्याचा फोन आधी तपासायचा.

रिंगच वाजत नसेल तर बॅटरी सेव्हर बंद करून बघा.

हंगामभर रिचार्ज न करणं. याचा फटका फार वाईट बसतो. व्हॉट्सॲप वायफायवर चालू दिसतं, म्हणून सिमकडं कुणी बघत नाही. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. त्यानं त्या नंबरवर व्हॉट्सॲप उघडलं की तुमचं बंद, आणि तुमच्या घरचे निरोप परक्याच्या फोनवर. नंबर सोडायचाच असेल तर आधी व्हॉट्सॲपच्या खाते विभागात 'नंबर बदला' वापरा.

व्हॉट्सॲप लॉगिनसाठी सिमवर येणारा सहा आकडी कोड सांगणं. ओळखीच्याच नंबरवरून मेसेज येतो, "चुकून तुमच्याकडं कोड आलाय, पाठवा." तो चोर असतो; त्या ओळखीच्या माणसाचं खातं त्यानं आधीच पळवलेलं असतं. कोड कुणालाच देऊ नका, पोटच्या पोराला सुद्धा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन, म्हणजे कोडशिवाय खात्याला दुसरं कुलूप, आजच लावून घ्या. खातं गेलंच असेल तर आपल्या नंबरनं पुन्हा लॉगिन करा. कोड आपल्याच सिमवर येतो आणि चोर बाहेर पडतो. त्यानं पिन लावून ठेवला असेल तर ७ दिवस थांबावं लागतं. तोवर नातेवाइकांना साध्या फोनवरून सावध करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स लागली तर व्हॉट्सॲप उघडत बसू नका. त्यावरून १०८ लागत नाही. साधा फोन लावा.