गल्लीतलं झाड बदलायचंय? करवतीआधी खड्डा ठरवा

रस्ता काँक्रीटचा होणार, गटार नव्याने बांधणार, खांब सरकवणार असं कळलं की गल्लीत दोन तट पडतात. एक म्हणतो, एकाही झाडाला हात लावू देणार नाही. दुसरा म्हणतो, मुळांनी ओटा उचललाय, सगळी काढा. नगरसेवक दोघांना हो म्हणतात, अभियंत्याला काम संपवायची घाई असते आणि शेवटी कोणतं झाड राहील हे जेसीबीवाला ठरवतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या खान्देशात सावलीचा निर्णय असा होऊ देणं परवडणारं नाही. वाद संपवायचा एकच मार्ग हाताशी येतो: प्रत्येक झाडाचा निर्णय वेगळा घ्यायचा आणि जे काढायचं त्याच्या बदल्यातला खड्डा, रोप, पाणी व जबाबदार माणूस हे सगळं झाड पडण्याआधी कागदावर आणायचं.

सभेआधी यादी

रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी चार-पाच जणांनी गल्लीतून चालत जा. त्यात झाड नको म्हणणारे किमान दोघे असलेच पाहिजेत. उद्यान विभागाचा माणूस आला तर उत्तम. सोबत शिंप्याची टेप, खडू आणि मोबाइल एवढं पुरे. नंबर खडूने टाका. खोडात खिळे ठोकून पाट्या लावू नका. खोडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजा, कारण बुंध्याशी मोजलेला घेर फुगीर येतो. यादीतली नोंद अशी दिसायला हवी:

"झाड क्र. 7. निंब. घेर 142 सेंमी. गटारीपासून अंतर 60 सेंमी. उत्तरेकडची एक फांदी वाळलेली. बुंध्याभोवती चारही बाजूंनी काँक्रीट. अभिप्राय: काँक्रीट फोडावे, वाळकी फांदी काढावी, झाड ठेवावे."

"जुने झाड, धोकादायक" एवढंच लिहिलेली यादी सभेत टिकत नाही, कारण त्यावर कोणीही काहीही म्हणू शकतो.

ही पाहणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करणार असाल तर सांभाळा. शिरीष त्या दिवसांत पूर्ण निष्पर्ण असतो. फिकट पिवळ्या, चपट्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात आणि बघणारा "वाळलेलं झाड" म्हणून मोकळा होतो. पेन्सिलीएवढी बारीक फांदी घ्या, नखाने साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडं असेल आणि फांदी कट्‌कन तुटत असेल तर ती फांदी मेली. मग तिच्याखालची जाड फांदी तपासा. असं निदान चार बाजूंनी तपासल्याशिवाय झाडाला मृत म्हणू नका. निंबाचंही तसंच. पावसाळा सरताना त्याचे शेंडे करपल्यासारखे तपकिरी होतात. हा शेंडेमर रोग आहे. बहुतेक झाडं पुढच्या पालवीला सावरतात. एवढ्यासाठी निंब तोडायचा नाही.

खरा धोका दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या. बुंध्याशी कडक, फळीसारखी भूछत्रं उगवलेली असणं. दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर असणं. गटार खोदताना एका बाजूची जाड मुळं तुटलेली असणं. सर्वांत गंभीर म्हणजे झाड नव्याने कललेलं असणं आणि कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली असणं. हे दिसलं तर सभेची वाट पाहू नका. त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि खालची वाहनं हलवा. वीस वर्षांपासून वाकडं वाढलेलं झाड मात्र या यादीत येत नाही. ढोली असणं हेही एकटं कारण पुरेसं नाही.

भिंतीच्या तड्यांवरून सर्वाधिक भांडणं होतात, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. झाड नसलेल्या कॉलन्यांतही या मातीने पाया हलतो. झाडाची मुळं ओल ओढून आक्रसणं वाढवू शकतात हेही खरं, त्यामुळे तक्रार करणाऱ्याला खोटं ठरवू नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, अंतर मोजून तारीख लिहा, मे आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. तडा उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर मुख्य कारण माती आहे. तिथे भिंतीलगत फरशी करून पाणी लांब काढणं आणि पाया बघून घेणं हा उपाय. झाड काढून तडा मिटत नाही. गटारीत मुळं शिरली असतील तर सांधा गळतोय असं समजा. मुळं ओलीच्या मागे येतात. सांधा पक्का करा.

कागद कुठे, कोणता

महापालिका आणि नगरपरिषद हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. जळगाव आणि धुळे इथे महापालिकेच्या, तर भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार इथे नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. रस्ता पालिकेचाच असला तरी पालिकेलाही ही प्रक्रिया चुकत नाही. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे कायद्याच्या व्याख्येत तोडण्यातच येतं. म्हणून "फक्त छाटलं" म्हणत नुसता खांब उभा ठेवणं, बुंध्याशी आग लावणं, साल सोलणं यावरही तक्रार देता येते.

अर्ज आल्यावर अधिकाऱ्याने झाड स्वतः पाहायचं, स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात द्यायची आणि झाडावर दिसेल अशी नोटीस लावायची. हरकतीची मुदत सहसा सात दिवसांची असते. नोटिशीवर असेल तीच धरा. नोटीस दिसली की तारखेसकट फोटो काढा. "वृक्षतोडीस विरोध आहे" असं एका ओळीचं पत्र देऊ नका. असं लिहा: "झाड क्र. 7 जिवंत आहे. पाहणी दि. ... , फोटो सोबत. गटारीची रेषा 80 सेंमी पूर्वेला घेतल्यास झाड वाचते, नकाशा सोबत. तरीही तोड मंजूर केल्यास बदली रोपांची संख्या, जागा, रोपाची उंची व देखभालीची जबाबदारी आदेशात नमूद करावी." पोच घ्या. आवक क्रमांक नसलेलं पत्र दिलं नाही असंच धरलं जातं.

2021 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या, त्या सभेत उपयोगी पडतात. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा आला. आणि जेवढं झाडाचं वय, तेवढी रोपं बदल्यात लावायची, असा हिशेब आला. रोप लावताना सहा ते आठ फूट उंचीचं हवं, त्याची जिओ-टॅगिंगने (म्हणजे नकाशावरच्या नेमक्या जागेसह) नोंद हवी, सात वर्षं निगा हवी. म्हणजे पस्तीस वर्षांचे पाच निंब तोडले तर 175 रोपं. इथे दोन प्रश्न विचाराच: वय कसं काढलं, आणि 175 खड्डे नेमके कुठे आहेत? वय कमी लिहिलं की रोपं आपोआप कमी होतात. "शहरात इतरत्र" असं उत्तर आलं तर गट क्रमांक किंवा रस्त्याचं नाव मागा आणि तोडलेल्या प्रत्येक झाडामागे किमान एक रोप त्याच गल्लीत लावायचं लिहून घ्या. माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांच्या शुल्कात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

सभा झाडाखाली घ्या

सभागृहात झाडावर तासभर भाषणं होतात. झाडाखाली उभं राहिलं की तोच विषय दहा मिनिटांत निघतो. यादीतल्या क्रमांकाने चालत जा आणि प्रत्येक झाडाला तीनपैकी एक शेरा द्या: ठेवायचं, उपचार करून ठेवायचं, काढायचं. कचरा पडतो, दुकानाची पाटी झाकते, गाडी लावायला अडचण होते ही कारणं ऐकून घ्या, पण उपचाराच्या रकान्यात लिहा. पाटीपुढची खालची फांदी रीतसर परवानगीने काढता येते.

अभियंत्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या. खोडाच्या व्यासाच्या पाचपट अंतराच्या आत यंत्राने खोदाई नाही. 40 सेंमी जाड खोड असेल तर दोन मीटर. त्याच्या आत हाताने, आणि मनगटाएवढं जाड मूळ लागलं तर अधिकाऱ्याला बोलावल्याशिवाय तोडायचं नाही. बुंध्याभोवती किमान एक मीटर बाय एक मीटर जागा उघडी. आणि गल्लीतली काढायची झाडं एकाच उन्हाळ्यात न काढता तीन टप्प्यांत, म्हणजे सावली पूर्ण जात नाही. पुनर्रोपणाचं आश्वासन मिळालं तर जात विचारा. वड, पिंपळ, उंबर सावरतात. मोठा निंब किंवा गुलमोहर जेसीबीने उपटून दुसरीकडे रोवला तर बहुधा वाळतो. झाडावर बगळ्यांची किंवा कोणत्याही पक्ष्याची अंडी-पिल्लं असतील तर तोड पुढे ढकला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 तिथे आडवा येऊ शकतो.

काय लावायचं

रुंद रस्ता, वर तारा नाहीत: निंब आणि करंज. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके ज्या निंबाला बांधले जातात, त्याला खान्देशच्या उन्हाची सवय आहे. करंज ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने गर्द असतो. पानांवर गाठी येतात, त्याने झाडाला फारसं काही होत नाही. तारांखाली बहावा, कांचन, आपटा. वड-पिंपळ मोकळ्या जागेत, तीस फुटी गल्लीत नको. गुलमोहर आणि सोनमोहर लवकर वाढतात, तसेच वादळात लवकर मोडतात. कदंबाला पाणी लागतं. टँकरवर अवलंबून असलेल्या गल्लीत तो लावून काय उपयोग? कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. मोठ्या झाडांत 6 ते 8 मीटर, लहानांत 4 ते 5 मीटर अंतर, आणि जलवाहिनीपासून निदान दीड मीटर.

रोपवाटिकेत उंचीला भुलू नका. काठीसारखं आठ फूट रोप वाऱ्याला झोपतं. बुंधा अंगठ्याएवढा तरी जाड हवा. पिशवीखालून बाहेर पडून जमिनीत गेलेली मुळं उपटून आणलेली असतील तर ते रोप परत करा.

खड्डा आणि पाणी

खड्डे आखाजीच्या सुमारास खोदा आणि पावसापर्यंत तापू द्या. मुरमाड जागेत एक मीटर लांब, रुंद, खोल. निघालेला मुरूम बाहेर, त्याजागी दोन भाग गाळाची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी एक किलो निंबोळी पेंड. काळ्या मातीत हीच कृती चुकते. तिथे यंत्राने पाडलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, भुसभुशीत भरणा आत असतो आणि खड्डा हौदासारखा पाणी धरतो. ऑगस्टमध्ये रोप पिवळं पडतं, लोक पाणी कमी पडलं समजून आणखी घालतात आणि मुळं सडतात. म्हणून काळ्या मातीत खड्डा रुंद मीटरभर पण खोल दीड-दोन फूटच घ्या, भिंती टिकावाने खरबडीत करा आणि तीच माती पाचवा हिस्सा शेणखत मिसळून परत भरा. तोडलेल्या झाडाचा बुडखा जागेवर असेल तर नवा खड्डा दीड मीटर सरकवा.

चांगला पाऊस होऊन माती हातभर ओली झाली की लावा. श्रावणात कानबाईचे रोट होतात, तोवर काम उरकलेलं हवं. पिशवी फाडून काढा, गोल फिरलेली मुळं कापा, रोपाचा बुंधा जमिनीच्या पातळीलाच ठेवा. केळीला टेकू देतात तसले दोन बांबू रोपाच्या दोन बाजूंना रोवून जुन्या कापडाच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. तार बांधू नका.

पाण्याचा हिशेब आधी करा, कारण रोपं इथेच मरतात. पावसाने उघडीप दिली तर तीन दिवसांआड 20 लिटर. ऑक्टोबरपासून आठवड्याला 40 लिटर. मार्च ते जून आठवड्यातून दोनदा 40 लिटर. पन्नास रोपांना उन्हाळ्यात आठवड्याला 4,000 लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरची एक खेप. ही खेप कोणत्या वारी येणार आणि वर्षाचं बिल कोणत्या तरतुदीतून निघणार, हे इतिवृत्तात यायला हवं. आळ्यात गव्हाचं काड किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू न देता. जुनी ठिबकची नळी आणि घरावरची टाकी असेल तर ज्याच्या दारात रोप आहे त्याने एक ड्रिपर सोडावा; टँकर चुकला तरी तेवढ्यावर रोप तग धरतं.

पहिली मोजणी सप्टेंबरमध्ये करू नका, तेव्हा सगळीच रोपं हिरवी असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, वृक्ष अधिकाऱ्याला बोलावून, यादीतल्या क्रमांकाने मोजा. मेलेल्या रोपाच्या जागी त्याच जुलैत नवं लावायचं पत्र तिथेच सही करून घ्या. लोखंडी पिंजरे तिसऱ्या-चौथ्या वर्षी, खोड सळीला टेकायच्या आत काढा आणि पुढच्या खड्ड्यांसाठी वापरा.